खोक्यावरचे ३१०, माझे २२०

शिकारीच्या कंपाउंड धनुष्याच्या, म्हणजे टोकांना चाकं बसवलेल्या धनुष्याच्या, खोक्यावर सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं, तर वेग. माझ्या स्टार्टर, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या, धनुष्याच्या खोक्यावर सेकंदाला ३१० फूट असं छापलंय. माझ्या हातून सुटलेला बाण वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोरून जातो तेव्हा आकडा येतो २२०. एखाददुसरा फूट इकडेतिकडे, त्यापलीकडे काही नाही. नवं धनुष्य घ्यावं का, हा विचार डोक्यात शिरला तो या ९० फुटांच्या फटीतून. गंमत अशी की नवं धनुष्य घेतलं तरी ही फट बुजणार नाही.

खोक्यावरचा आकडा खोटा नाही, तो फक्त माझा नाही. आयबीओ या तिरंदाजी संघटनेच्या पद्धतीनं वेग मोजतात तेव्हा ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढायची ते अंतर) ३० इंच, ड्रॉ वेट (ओढताना लागणारा ताण) ७० पौंड आणि बाण ३५० ग्रेनचा धरतात. म्हणजे माणूस उंच, हात लांब, खांदे भक्कम आणि बाण धनुष्याला सोसेल तेवढा हलका. माझी ड्रॉ लेंथ २६ इंच, ड्रॉ वेट ५० पौंड आणि बाण ३८० ग्रेनचा, साधारण २५ ग्रॅम. ड्रॉ लेंथ इंचाने कमी झाली की वेग ढोबळमानाने १० फुटांनी उतरतो. इथेच ४० गेले. २० पौंड कमी, त्याचे साधारण आणखी ४०. उरलेले जास्तीच्या ग्रेनांनी आणि दोरीवर बसवलेल्या पीपने (नेम धरायचं भोक) नि डी-लूपने (दोरी ओढायचा फास) खाल्ले. हिशेब जमतो. आता एखाद्या महागड्या धनुष्यावर ३३५ छापलेलं असेल, तर याच मापांवर ते मला २४५ च्या आसपास देईल. म्हणजे माझ्यापुरती निवड ३१० आणि ३३५ यांच्यात नाही, २२० आणि २४५ यांच्यात आहे. २५ फूट. त्यासाठी आधीच्या धनुष्याच्या कितीतरी पट पैसे मोजायचे.

हे २५ फूट करतात काय, ते मी कागदावर मांडून पाहिलं. नेमाची पिन ३० यार्डांना लावलेली आहे आणि जनावर खरं तर ३३ यार्डांवर उभं आहे, अंदाज ३ यार्डांनी चुकला, असं धरू. २२० च्या वेगानं बाण साडेतीन इंच खाली लागेल. २४५ च्या वेगानं पावणेतीन-तीन इंच. फरक पाऊण इंचाहूनही कमी. हरणाच्या छातीतलं हृदय-फुप्फुसाचं वर्तुळ आठ-दहा इंचांचं असतं, त्यात हा पाऊण इंच कुठेही मावतो. आणि अंतराचा अंदाज चुकू नये म्हणून रेंजफाइंडर असतोच. तो वापरला तर हा पाऊण इंचही हिशेबातून जातो.

दुसरा मुद्दा आवाजाचा. धनुष्य सुटल्याचा आवाज बाणाच्या पुढे पळतो, सेकंदाला ११०० फुटांहून जास्त. ३० यार्डांवरच्या हरणाला तो सुटल्यापासून सेकंदाच्या आठ शतांशात ऐकू येतो. माझा बाण पोहोचतो एक्केचाळीस शतांशात. मधल्या तेहतीस शतांशात सावध हरीण पाय दुमडून खाली दबतं, कारण उसळी मारायची तर आधी दबावंच लागतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो. २४५ च्या वेगानं ही मधली फट एकोणतीस शतांशाची होते. चार शतांशांची बचत. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. शिवाय धनुष्य जितकं मुकाट सुटेल तितकं जनावर कमी दचकतं, आणि मुकाटपणा वेगानं येत नाही. तो येतो जड बाणानं. बाण जड असला की धनुष्याची जास्त ताकद बाणात जाते आणि काड्यांमध्ये (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाजूंमध्ये), दोरीत थरथरायला कमी उरते.

म्हणून वेगासाठी मी धनुष्य बदलणार नाही. हे एकदा ठरलं आणि मन मोकळं झालं. मग खरा प्रश्न समोर आला: वेग नाही तर मग काय?

नवशिक्यांची ही धनुष्यं मुळात असतात कशी, ते सांगते. डायमंडचं इन्फिनिट एज प्रो घ्या. ताण ५ पासून ७० पौंडांपर्यंत आणि ड्रॉ लेंथ १३ पासून ३१ इंचांपर्यंत हलवता येते. बेअरचं क्रूझर जी२ ही त्याच जातीचं, ५ ते ७० पौंड, १२ ते ३० इंच. एकच धनुष्य आठ वर्षांच्या पोरीलाही चालतं आणि सहाफुटी बापालाही. साइट (नेमाच्या पिना), रेस्ट (बाण टेकायची जागा), क्विव्हर (भाता), पीप सगळं बसवून येतं. बाण आणि रिलीज (दोरी सोडायचं हातातलं यंत्र) तेवढे आपले. वाढत्या मापाचे कपडे शिवतात तसा हा प्रकार: कुणालाच घट्ट होत नाही आणि नेमका कुणालाच बसत नाही.

मात्र शिकण्याच्या काळात हे नेमकं न बसणंच उपयोगी पडतं. सुरुवातीला कुणाचीच ड्रॉ लेंथ खरी नसते. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत मापायचं आणि अडीचने भागायचं, हा सगळीकडे सांगितला जाणारा ठोकताळा. तो जवळपास नेऊन सोडतो, पुढचं अंगानं सांगायचं असतं. नवा माणूस खांदा वर उचलून ओढतो, डोकं मागे टाकतो, दोरीकडे चेहरा न्यायच्या ऐवजी दोरीला चेहऱ्यामागे ओढत नेतो. तेव्हा त्याला लांब ड्रॉ लेंथ बरी वाटते. पुढे खांदा खाली बसायला लागतो, पाठीचे स्नायू कामाला लागतात, आणि एक दिवस लक्षात येतं की दोरी कोपराच्या आतल्या बाजूला चाटतेय, अँकर (पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) जबड्याच्या मागे सरकलाय. मग अर्धा इंच कमी करायचं. कॅमवरचे, म्हणजे टोकाच्या चाकावरचे, दोन स्क्रू सैल करायचे, मॉड्यूल (ओढीचं माप ठरवणारा चाकावरचा तुकडा) एक खाच फिरवायचं, पुन्हा आवळायचं. बहुतेक स्टार्टर धनुष्यांवर हे काम साध्या अ‍ॅलन की ने होतं, बो प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागत नाही. ताणाचंही तसंच. वरच्या-खालच्या काडीचा बोल्ट एक पूर्ण फेरा फिरवला की दोन-तीन पौंड चढतात किंवा उतरतात, फक्त दोन्हीकडे सारखे फेरे हवेत. ४० वर जम बसला की ४३, मग ४५.

महागड्या धनुष्यांचा घोळ इथेच होतो. त्यांचा कॅम अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या थोड्याच टप्प्यांत हलतो, काड्या साधारण १० पौंडांच्या पट्ट्यात येतात. आपलं माप काय, हे माहीत असलेल्या माणसासाठी ती बनवलेली असतात. माप कळायच्या आधी तसलं धनुष्य घेणारे मी पाहिलेत. सहा महिन्यांत ड्रॉ लेंथ इंचभर बदलते, आणि मग नवं मॉड्यूल, नव्या काड्या किंवा थेट विक्री.

त्यामुळे अपग्रेडची वेळ आली की नाही, याची माझी स्वतःची खूण वेगाशी, नेमाशी किंवा वर्षांशी जोडलेली नाही. ती स्क्रूंशी जोडलेली आहे. कॅमवरचे ते दोन स्क्रू आणि काड्यांचे बोल्ट किती काळ जागचे हललेले नाहीत? अजून अधूनमधून अ‍ॅलन की हातात घ्यावीशी वाटत असेल तर हातातलं धनुष्य अजून आपलं माप घेतंय. त्याला काम पुरं करू द्यावं. माझ्या स्क्रूंच्या खाचेत आता मेण आणि धूळ साचून काळी रेघ तयार झालीय. २६ इंच, ५० पौंड. यात बदल करावा असं बऱ्याच काळात वाटलेलं नाही.

तरीही लगेच दुकान गाठू नये, असं माझं मत. स्टार्टर धनुष्याला लोक ज्या गोष्टींबद्दल नावं ठेवतात त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी धनुष्याच्या नसतातच, त्याला अडकवलेल्या असतात.

दोरीच घ्या. पॅकेजातली दोरी बहुधा साधी असते आणि ताणाखाली हळूहळू लांबत जाते. दोरी लांबली की पिळाबरोबर पीपही फिरतो. पूर्ण ओढल्यावर डोळ्यासमोर गोल भोक दिसायच्या ऐवजी लंबगोल फट दिसते, आणि माणूस नकळत मान तिरकी करून ते भोक शोधतो. अँकर गेला, नेम गेला, आणि खापर धनुष्यावर. चांगल्या धाग्याची, कारखान्यातच आधी ताणून घेतलेली दोरी आणि केबल्स चढवल्या की हे दुखणं बहुतेक थांबतं. तशीही दोरी दोन-तीन वर्षांत बदलायचीच असते. मधून मेण लावायचं, केस सुटलेले दिसले तर लवकर बदलायची.

मग बाण. बाणाचा लवचीकपणा म्हणजे स्पाइन मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. २८ इंचांवर दोन टेकू, मध्ये १.९४ पौंडांचं वजन टांगायचं, आणि बाणाची दांडी किती वाकली ते इंचाच्या हजारांशात लिहायचं. अर्धा इंच वाकली तर ५०० स्पाइन. आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. माझ्या ओढीला आणि ताणाला ५०० च्या आसपासचा बाण लागतो. पण ‘शिकारीला ताठ बाण हवा’ या ऐकीव सल्ल्यावर ३४० वापरणाऱ्या, माझ्याच अंगकाठीच्या बायका मला भेटल्यात. त्यांचा बाण एका कडेला पडतो आणि त्या साइट सरकवत राहतात. बाण बरोबर निवडणं हे नव्या धनुष्यापेक्षा किती स्वस्त आहे, हे सांगायला नको.

फरक सगळ्यात उघडा पडतो तो ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, लावल्यावर. सरावाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, धनुष्याचे सगळे दोष पोटात घालतं. ब्रॉडहेडची पाती मात्र हवेत पंखासारखं काम करतात. बाण सुटताना जरा तिरका सुटला की पाती त्याला त्या बाजूला नेतात. २० यार्डांवर सरावाचे बाण आणि ब्रॉडहेडचे बाण वेगवेगळ्या जागी लागायला लागले की ‘हे धनुष्य ब्रॉडहेड नीट फेकत नाही’ असा निकाल लागतो. खरं तर रेस्ट केसभर हलवायची गरज असते. ब्रॉडहेड डावीकडे पडत असतील तर रेस्ट उजवीकडे, इंचाचा बत्तिसावा भाग. पुन्हा मारून बघायचं. पुन्हा तेवढंच. असं करत दोन्ही टोकं एका जागी आली की मग धनुष्याबद्दल बोलावं. काही महाग धनुष्यांत कॅम डावी-उजवीकडे सरकवायची सोय असते, त्यांचं ट्यूनिंग लवकर होतं, हे मान्य. स्टार्टरचंही होतं, वेळ जास्त जातो इतकंच.

रेस्टबद्दल फार काही नाही. केसांच्या ब्रशमधून बाण जाणारी रेस्ट पॅकेजात येते. ती बाण पडू देत नाही, मचाणावर बसलं की तिचंच कौतुक वाटतं. ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताना खाली पडणारी रेस्ट, जरा जास्त अचूक. ज्याला हवी त्यानं घ्यावी. रिलीजवर मात्र मी हात आखडता घेणार नाही. बाण सुटतो तो त्या बोटाएवढ्या यंत्रातून, आणि ट्रिगर खरखरीत असेल तर लाखाचं धनुष्यही झटका खातं. शिवाय रिलीज पुढच्या धनुष्यावर तसाच चालतो.

शिकारीपुरतं अजून एक गणित आहे आणि ते मी टाळू शकत नाही. बाणाची ऊर्जा काढायची तर ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. माझं उत्तर येतं जेमतेम ४१ फूट-पौंड. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीचा एक तक्ता तिरंदाजांत फार वर्षं फिरतो आहे. त्यात हरणासारख्या मध्यम जनावराला २५ ते ४१, रानडुक्कर किंवा एल्कसारख्या मोठ्याला ४२ ते ६५. मी बरोब्बर रेघेवर. २४५ च्या वेगानं हीच ऊर्जा ५० च्या पुढे जाते. इथे २५ फुटांना अर्थ आहे, हे मी कबूल करते, कारण वेगाचा वर्ग होतो. पण हाच तक्ता संवेगाबद्दल काही सांगत नाही. मी याच धनुष्यातून ४५० ग्रेनचा बाण सोडला तर वेग २०४-२०५ वर येईल, ऊर्जा जवळपास तेवढीच राहील, पण संवेग साधारण दहा टक्क्यांनी वाढेल, आणि बाण आत किती शिरतो हे ठरवण्यात संवेगाचा आणि पात्याच्या धारेचा वाटा मोठा. अमेरिकन शिकारी तिरंदाज फ्रेड बेअर (१९०२–१९८८) अलास्कातल्या अस्वलांच्या मागे साधं रिकर्व्ह, म्हणजे चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य, घेऊन फिरला. रिकर्व्हचा बाण सेकंदाला १५० ते २०० फुटांच्या घरात जातो. त्याच्याकडे जड बाण, वस्तऱ्यासारखी पाती आणि जवळ जाण्याची चिकाटी होती. मी रानडुकराच्या मागे जाणार नसेन, आणि माझं अंतर २५ यार्डांच्या आत ठेवणार असेन, तर ४१ पुरतात. त्यापुढे जायचं असेल तर नुसतं धनुष्य नाही, सगळाच विचार नव्यानं करावा लागेल.

अंतराचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. महाग धनुष्य घेतल्यावर माणसं पहिली कुठली गोष्ट बदलत असतील तर ती आपल्या मर्यादेचं अंतर. कालपर्यंत २५ म्हणणारा आज ४० म्हणायला लागतो. फोमच्या हरणावर ४० यार्डांवरून मारायला काहीच हरकत नाही, मीही मारते, त्यात मजा आहे आणि त्यातून २० यार्डांवरचा हात सुधारतो. जिवंत जनावर मात्र बाण हवेत असताना पाऊल टाकतं, आणि त्या एका पावलावर कुठल्याच कॅमचा इलाज नाही. फुप्फुसातून गेलेला बाण आणि पोटातून गेलेला बाण यांत वीतभराचं अंतर असतं. पहिल्यात जनावर काही सेकंदांत कोसळतं, दुसऱ्यात तासन् तास. ज्या देशांत शिकारीला परवाना मिळतो तिथे ड्रॉ वेटची किमान मर्यादाही बहुधा ठरवून दिलेली असते, बऱ्याच ठिकाणी ४० पौंडांच्या आसपास. अंतराची मर्यादा मात्र ज्याची त्यानं घालून घ्यायची असते. आणि जिथे शिकार कायद्यानं बंद आहे तिथे हेच धनुष्य फोमच्या प्राण्यांवर चालवावं. खेळ म्हणून तो कमी कठीण नाही.

इतका सगळा हिशेब करून झाल्यावर मी दोन-तीन महागडी धनुष्यं ओढून पाहिली. बाण लावून, लक्ष्यासमोर उभं राहून. बाण न लावता दोरी ओढून सोडणं म्हणजे धनुष्याचा जीव घेणं, हे इथे सांगून ठेवते. सुटलेली सगळी ताकद काड्यांत परत येते, काडी चिरते, दोरी उडते, आणि समोर आपला चेहरा असतो.

माझं धनुष्य ओढताना काय होतं ते आधी सांगते. ताण हळू चढतो, मध्यावर ५० ला पोहोचतो, थोडा वेळ तिथेच राहतो आणि मग उतरतो. ८० टक्के लेट-ऑफ, म्हणजे शेवटी बोटांवर उरतात १० पौंड. ते १० पौंड जिथे येतात तिथे कॅम थांबायला हवा. माझा थांबतो, पण ठाम नाही थांबत. केबलवर टेकतो आणि केबल जराशी दबते. अजून जोर लावला की अजून जराशी. म्हणजे मी रोज वेगवेगळ्या जागी थांबू शकते. दमलेल्या संध्याकाळी पाव इंच पुढे, ताज्या सकाळी पाव इंच मागे. पिन लक्ष्यावर तरंगते तेव्हा माझी पाठ मागे खेचत असते, आणि समोरून ‘बस, इथेच’ असं उत्तर येत नाही.

नवं धनुष्य ओढलं. ताण लवकर चढला, जरा उद्धटपणे म्हणा ना, आणि उतरला तोही पटकन. आणि मग टक्. दोन्ही कॅमवरचे थांबे थेट काड्यांवर टेकले. पुढे काहीच नाही. मी पाठीनं ओढत राहिले आणि धनुष्य जागचं हललं नाही. पिन तरंगत होतीच, पण तिचं वर्तुळ लहान होतं आणि ती संथ फिरत होती. काही भाग वजनाचा. माझं धनुष्य तीन पौंडांच्या थोडंसं वर आहे, हे चार-साडेचार पौंडांचं. हलकं धनुष्य खांद्यावर टाकून चालायला बरं, पण हात लांब करून धरलं की नाडीचा प्रत्येक ठोका पिनपर्यंत पोहोचतो. जड धनुष्य हलायला आळस करतं. सुटताना हातात काही जाणवलंच नाही म्हटलं तरी चालेल, नुसता दबका ठप्प आवाज. बाण कुठे लागला हे मी नंतर पाहिलं.

त्या ओढीनंतर मला कळलं की मला हवी आहे ती वॉल. तो ठाम थांबा. आणि त्यामागे माझ्या मापाचंही एक कारण आहे. रुंद पट्ट्याचा कॅम १३ ते ३१ इंचांत सगळीकडे सारखा चालत नाही. लांब मापावर तो सगळी ताकद काढतो, आखूड मापावर बरीच हातची राहते. माझे २६ इंच त्याच्या आखूड बाजूला पडतात. आखूड ओढीच्या माणसांसाठी म्हणूनच वेगळे, लहान कॅम असलेली धनुष्यं बनतात, ज्यांत २६ किंवा २७ इंच हे वरच्या टोकाकडचं माप असतं. तसंच ताणाचं. काड्या ७० पौंडांच्या असतील आणि मी बोल्ट मागे फिरवत ५० वर आणले, तर धनुष्य अर्धवट सैल अवस्थेत चालतं. ५० हाच ज्यांचा कमाल ताण आहे अशा काड्या घेतल्या तर बोल्ट पूर्ण आवळलेले राहतात, काडी आपल्या खोबणीत घट्ट बसते, आणि त्याच ५० पौंडांतून जास्त काम होतं. उंच, रुंद खांद्यांच्या माणसाला स्टार्टर धनुष्य पुष्कळ वर्षं पुरतं, कारण ते त्याच्या मापाच्या जवळ असतं. माझ्यासारखीला लवकर अपुरं पडतं. दुकानांत मात्र बहुधा उलटं ऐकायला मिळतं, बाईला काय, हे पुष्कळ झालं.

रिकर्व्ह वापरणाऱ्यांना माझा हा सगळा खटाटोप हास्यास्पद वाटेल याची कल्पना आहे. त्यांचं टेकडाउन धनुष्य असतं, मधला मुठीचा भाग तोच ठेवून काड्या तेवढ्या बदलायच्या. ३० पौंडांच्या काढल्या, ४० च्या लावल्या, झालं अपग्रेड. कंपाउंडचा जन्मही तसा अशाच जोडकामातून झाला. अमेरिकेतल्या मिझुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलननं रिकर्व्हची टोकं कापून तिथे चाकं बसवली. १९६६ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या शेवटी ते मिळालं. आज सर्वांत स्वस्त स्टार्टर कंपाउंडसुद्धा त्याच्या पहिल्या धनुष्याच्या कितीतरी पुढे आहे. हे आठवलं की ‘माझं धनुष्य अगदीच साधं आहे’ ही तक्रार जरा ओशाळी होते.

एक गोष्ट मात्र गणितात बसवायचा मी प्रयत्नही करत नाही. नवं धनुष्य ओढताना आनंद झाला. तो आनंद कारण म्हणून पुरेसा आहे की नाही, यावर लोक उगाच वाद घालतात, आणि मग त्या आनंदावर वेगाचे, ऊर्जेचे आकडे पांघरतात. ज्याला परवडतं त्यानं आनंदासाठी घ्यावं आणि तसं सांगावं. ‘हे घेतल्याशिवाय शिकार होणारच नाही’ असं नवशिक्याला सांगू नये म्हणजे झालं.

माझं ठरलं ते असं. आधी चालू धनुष्यावर नवी दोरी आणि ४५० ग्रेनच्या आसपासचे बाण, या हंगामाला तेवढं पुरे. दोरीचा खर्च या धनुष्यापुरताच राहील, बाणांचा नाही. ओढ आणि ताण तेच राहणार असल्यानं हे बाण पुढच्या धनुष्यावरही चालतील, फार तर स्पाइन एकदा पडताळून घ्यावा लागेल. हंगाम संपला की आखूड कॅमचं, कमाल ५० पौंडांच्या काड्यांचं धनुष्य. त्यात मला दोनच गोष्टी बघायच्या आहेत, वॉल आणि सुटल्यावरची हातातली शांतता. वेगाची ओळ मी वाचणार नाही असं म्हणत नाही, वाचेनच, पण ती माझ्या मापांनी वजा करून. स्टार्टर विकणार नाही. त्याचे पैसे फारसे येत नाहीत, आणि घरी आलेल्या कुणाच्याही मापाला ते पाच मिनिटांत लावता येतं. महागड्या धनुष्याला ते जमणार नाही.

आणि पैसे द्यायच्या आधी एक परीक्षा बाकी आहे. दुकानात सगळेच उभं राहून, पातळ शर्टात, अंगात ऊब असताना ओढतात. मला ते खुर्चीवर बसून, जाड जाकीट घालून, तासभर हलले नसताना ओढून पाहायचंय. बाहीचा फुगा दोरीला लागतो का, खालची काडी मांडीला टेकते का, आणि त्या उद्धट सुरुवातीला गारठलेला खांदा तयार होतो का. नाही झाला तर ४५ च्या काड्या मागेन, आणि रेघेवरचे ४१ फूट-पौंड पुन्हा एकदा मांडून बघेन.